वरच्या दळीची माती

सडेवाडीच्या कातळावर एका सकाळी लाल कापडाची निशाणं उभी राहिली आणि दुपारपर्यंत अर्ध्या वाडीने आपापले सातबारे ट्रंकेतून काढून उन्हात झटकले. निशाणं म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे रस्ता नाहीतर प्रकल्प, एवढं ज्ञान आता कोकणात शेंबड्या पोरालाही असतं. गावचा मानकरी धाकू तर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा चढवून थेट निशाणांपाशी जाऊन उभा राहिला. तिथे त्याला तिशीतली एक मुलगी भेटली. पायात गमबूट, डोक्याला टोपी, हातात वही. रस्ता नाही आणि प्रकल्पही नाही, ती म्हणाली; जुन्या चिरेखाणीत पडलेला कारखान्याचा गाळ तपासायचा आहे, आणि मातीत विष निघालं तर सरकारच्या खर्चाने ते उपसून न्यायचं आहे. धाकू सदरा जपत परत आला.

तो कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती. मालक परागंदा झाला, गेटाला गंज चढला, पण त्याचा गाळ मात्र खाणीतच राहिला. पावसाळा सरला की वाडीच्या विहिरीचं पाणी पिवळसर दिसायचं. बायका ते फडक्यातून गाळून घ्यायच्या आणि गाळलं म्हणजे झालं असं मनाला समजवायच्या. अर्ज करून हात दुखले तेव्हा कुठे ही मुलगी आली. समीक्षा तिचं नाव. बाप अलोऱ्याला कोयनेच्या कॉलनीत नोकरीला होता, म्हणजे कोकणातलीच. तिला हाताखाली दोन माणसं हवी होती. एक धाकू लागला आणि दुसरी गोदा.

गोदा साठीला आलेली, अंगाने सुपारीच्या झाडासारखी. तिला कामाला घेताना समीक्षा जरा कचरली होती. पण पहिल्याच दिवशी धाकूने हाताचं गिरमिट दोन वीत जमिनीत घालून कंबर धरली, तेव्हा गोदाने पदर खोचला, गिरमिटाचा दांडा छातीशी घेतला आणि गोल फिरत ते आणखी कोपरभर खाली उतरवलं. मनगटाचा जोर न लावता अंगाचं वजन कसं टाकायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. जात्याने शिकवलेलं होतं.

गोदाला मात्र नवल वाटलं ते समीक्षाचं. एक भोक झालं की गिरमिट तीन पाण्यांनी धुवायचं. हातमोजे काढून टाकायचे, नवे घालायचे. माती काचेच्या बाटलीत भरायची, झाकण लावायचं, चिठ्ठी डकवायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. मग पुढचं भोक. फाल्गुनाचं ऊन कातळावरून उलटं तोंडावर येत होतं, तरी त्या पोरीने एकदाही दोन पाण्यांवर भागवलं नाही.

"बाय, देवाची भांडी पण आमी एवढी घासत नाय," गोदा म्हणाली.

"काकी, या भोकातला कण त्या भोकात गेला की बाटली खोटं बोलायला लागते," समीक्षा म्हणाली. "आणि एक बाटली खोटं बोलली की सगळ्यांवरचा विश्वास जातो."

गोदाला हे पटलं. तिसऱ्या दिवसापासून ती न सांगता गिरमिट धुऊ लागली, आणि धाकूने घाई केली तर त्याच्याकडे असं बघायची की तो पुन्हा बादलीकडे वळायचा. समीक्षाने तिला एक टोपी दिली होती. गोदाने ती घेतली आणि पदरावरूनच चढवली. घामाने मान भिजायची, पण डोक्यावरचा पदर तिने कुणासमोर काढला नाही. सून मुंबईहून यायची, तिच्यासमोरही नाही.

सहाव्या दिवशी समीक्षा सगळ्यांना घेऊन खाणीच्या वर चढली. तिथे कातळाच्या मध्यावर भाताच्या वाळक्या धसकटांची एक पिवळी चौकट होती. ती भागोजीची दळी, कातळावर केलेलं शेत. भागोजी म्हणजे गोदाचा नवरा. मुंबईची कंपनी बंद झाल्यावर तो गावी आला, तेव्हा वाटणीत त्याच्या हाती नुसता कातळ लागला होता, ज्यावर कावळासुद्धा पाय भाजतील म्हणून बसत नसे. त्या कातळावर त्याने दगडांचे बांध घातले, माती आणून ओतली आणि भाताचं शेत उभं केलं. दोन उन्हाळे गेले त्यात. वाडीत कुणी पाहुणा आला की भागोजी त्याला चहाआधी दळी दाखवायचा.

आजही तो बांधावर उभाच होता. समीक्षाने माती मागितली तेव्हा त्याची छाती दोन बोटं वर आली.

"घ्या, म्याडम. पायजे तेवढी घ्या. अशी माती वाडीत दुसऱ्या कुनाची नाय."

"भात कसं येतं, काका?"

"पयल्या वर्साला कंबरेएवढा व्हता. आता जरा पिवळा पडतो. बियानात दम नाय ऱ्हायला, दुसरा काय."

बियाण्याआधी त्याने खेकड्यांना दोष दिला होता आणि खेकड्यांच्या आधी पावसाला. मातीला कधीच नाही. गोदा खाली मान घालून बाटली धरून उभी राहिली. समीक्षाने माती भरली, झाकण लावलं, चिठ्ठी डकवली.

दुपारी काजूच्या सावलीत भाकरी सोडल्या. चार वाजता जीप पेटी घेऊन प्रयोगशाळेला जाणार होती. गोदाने सहज विचारावं तसं विचारलं, "बाय, दळीतली कशाला घेतलीस? तिथं तर खान नाय."

"म्हणूनच घेतली. ती चांगल्या मातीची बाटली." समीक्षाने तोंडातला घास संपवला. "असं बघा काकी. या जांभ्यात क्रोम नावाचा धातू मुळातच थोडा असतो. देवाने घातलेला. तो कुणाचं वाईट करत नाही. खाणीत आहे तो कारखान्याचा. आता देवाचा किती आणि कारखान्याचा किती, हे ठरवायला एक अशी जागा लागते, जिथे कारखान्याचं काही पोचलं नाही. काकांची दळी खाणीच्या वर आहे. पाणी काही उलटं चढत नाही. म्हणजे ती माती स्वच्छ. तिच्याशी बाकीच्या बाटल्या ताडून बघायच्या."

"आनि तिच्यातच जास्त निघाला तर?"

"तर साहेब म्हणतील, ही जमीनच मुळात अशी आहे. कातळाचा गुण. मग सफाई कसली करायची? फाईल बंद." ती हसली. "पण तसं होणार नाही."

गोदाने उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

दळीतली माती आली कुठून, हे सगळ्या जगात दोन माणसांना ठाऊक होतं. कातळावर राहणाऱ्याला मातीची भूक काय असते, ते काळ्या रानातल्या माणसाला कळायचं नाही. इथे माणूस ओढ्यातला गाळ ओंजळीने गोळा करतो. भागोजीला त्या वर्षी खाणीच्या एका कोपऱ्यात मऊ, लोण्यासारखी, पिवळट माती दिसली. मधे दगडाचं नाव नाही. तो हरखला. इतकी माती लोकांनी सोडलीच कशी, याचं आश्चर्य करायचंही त्याला सुचलं नाही. उलट दुसऱ्याच्या नजरेला पडायच्या आत ती उचलायची घाई झाली. तो खाली उभा राहून फावड्याने भरायचा आणि गोदा डोक्यावरून चढण चढून वाहायची. भरणारा तो, वाहणारी ती, असं दोन उन्हाळे. मागून कारखान्याचे टँकर खाणीत गाळ ओतून जायचे ही गोष्ट वाडीभर झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे फक्त पाहिलं.

गोदा उठली आणि दळीकडे गेली. भागोजी बांधाचा निसटलेला दगड बसवत होता.

"आवो, ती बाटली चांगल्या मातीची म्हनून जातेय. तिच्यापायी वाडीचा काम अडंल. सांगूया काय?"

भागोजीने दगड बसवला, वरून हाताने ठोकला. "काय सांगनार? माज्या दळीत इख हाय म्हनून?"

"हायच ता."

"खनून नेतील. खाली कातळ लागंस्तवर नेतील." तो अजून तिच्याकडे बघत नव्हता. "मुंबयला वीस वर्सं दुसऱ्याच्या मशीनवर घालवली. ह्या एवढाच माज्या हातचा हाय. ता तुज्या तोंडानं जायाचा असंल तर जा, सांग."

गोदा तिथेच उभी राहिली. त्याचं चुकत होतं असं तिला वाटलं नाही. त्याच्या पाठीचे मणके सदऱ्यातून दिसत होते, आणि तिला त्याची फार माया आली. पण तिच्या डोळ्यांसमोर विहिरीवर फडकं धरून बसलेल्या बायकाही होत्या. ती वळली आणि उतार उतरू लागली. पहिल्यांदा हळू, मग जीपचं इंजिन ऐकून पळत.

पेटी जीपमध्ये चढली होती. गोदाने पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"बाय, ह्यातली एक बाटली खोटा बोलतेय."

समीक्षाला वाटलं, चिठ्ठी चुकली. गोदाने सगळं सांगितलं. कुठून भरली, कुठे ओतली, किती उन्हाळे. सांगताना तिने भागोजीला वेगळं काढलं नाही. "आमी आनली," असंच म्हणत राहिली. धाकू बाजूला उभा राहून ऐकत होता.

"पण काकी," समीक्षा अडखळली, "इतक्या वर्षांनंतर... ती गाळाचीच माती होती, हे नक्की कशावरून? साधी मातीही असू शकते."

गोदाने एकदा धाकूकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

टाळूवर चुंबळीएवढा गोल भाग उघडा होता. केसाचं नाव नाही. कातडी गुळगुळीत, मधे मधे मिरीच्या दाण्याएवढे खड्डे, भरून आलेले. वरून ओली माती ठिबकायची, तिथे फोड आले होते, फुटले होते, आणि मग तिथे काही उगवलंच नाही. धाकूने मान फिरवली. बाईमाणसाचं असं उघडं डोकं बघायचं नसतं, एवढी त्याला रीत होती.

समीक्षा अरेरे म्हणाली नाही. तिने जवळ येऊन नीट पाहिलं, आणि विचारलं, "हे वहीत लिहू का, काकी?"

"लिव."

तिने लिहिलं. मग पेटी खाली उतरवली, ती बाटली काढली आणि तिच्यावरची चिठ्ठी बदलली. ड्रायव्हरला म्हणाली, आज जायचं नाही. त्या पोरीचं हे गोदाला फार आवडलं. सहा दिवसांचं काम चुकल्याचं कळल्यावर माणूस आधी कपाळाला हात लावतो. हिने आधी पेन उघडलं.

"आता स्वच्छ माती कुठली घ्यायची?" समीक्षा स्वतःशीच म्हणाली. "कुणी कुठून टोपली आणली असेल, कसं कळणार?"

"देवरहाटीतली घे," गोदा म्हणाली. "तिथली कुनी नेत नाय, तिथं कुनी टाकत नाय. काटकी उचलायची पन बंदी हाय."

देवरहाटी म्हणजे देवीचं राखीव रान; तिथलं पान हलवायचं तर देवीला गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि ते मानकऱ्याने. धाकू मानकरी. गोदाचं ऐकल्यापासून तो घुश्श्यात होता, कारण भागोजीने त्याच मातीची टोपली त्याच्या तुळशीला दिली होती, आणि मोठ्या प्रेमाने दिली होती. तरी तो घरी जाऊन नारळ घेऊन आला. ग्रामदेवतेसमोर हात जोडून म्हणाला, "आये, ही लेक तुजी वंजळभर माती नेतेय. नासायला नाय, वाडीचा इख काडायला नेतेय. राग धरू नको." मग समीक्षाने तीन पाण्यांनी गिरमिट धुतलं, नवे हातमोजे घातले, आणि बाटली भरली.

पुढचे दोन दिवस गोदा तिला दारोदार घेऊन फिरली. जिथे जिथे त्या मातीची टोपली गेली होती, ते प्रत्येक घर तिला आठवत होतं. धाकूची तुळस. आनंदीबाईंच्या मागीलदारचा अळवाचा वाफा. शाळेपुढची जास्वंद. दर दारात गोदाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. कुणी ऐकून घेतलं, कुणी आत निघून गेलं. आनंदीबाई नव्वदीच्या, त्या म्हणाल्या, "ह्या अळवाची भाजी मी तुला वाडग्यानं पाठवली गो." गोदाने त्यांचे पाय धरले. म्हातारीने ते सोडवूनही घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

महिन्याने निकाल आला. खाणीत, विहिरीपाशी, गोदाने दाखवलेल्या घरोघरी कारखान्याचाच क्रोम होता. दळीत तर विहिरीहून जास्त. आणि देवरहाटीतल्या बाटलीत अगदी थोडा, देवाने घातला तेवढाच. ती बाटली खरं बोलली म्हणून बाकीच्या सगळ्या खऱ्या ठरल्या. फाईल पुढे सरकली. वाडीला टँकरने पाणी सुरू झालं आणि नऊ महिन्यांनी सफाईचं काम मंजूर झालं.

ते वर्ष गोदाला जड गेलं. दळीत पेरायचं नाही असा हुकूम होता. आषाढात सगळी वाडी चिखलात उतरली आणि भागोजी ओटीवर बसून पाऊस बघत राहिला. तो भांडला नाही, टाकून बोलला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, चहा दिला की प्यायचा. पण गोदाशी कामापुरतं एक वाक्य, त्याच्यापुढे नाही.

माघात माणसं आली. पांढरे डगले, रबरी बूट, तोंडाला जाळीचे मुखवटे. खाणीत मिरजोळ्याहून आणलेला जेसीबी उतरला, पण दळीपर्यंत पायवाटेशिवाय वाट नव्हती, म्हणून तिथली माती फावड्याने पोत्यात भरून, पोती शिवून, पाठीवरून खाली न्यायची होती. त्या डगल्यांत माणसं उकडून निघत. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन मुखवटा काढत, तेव्हा आतून घामाचं पाणी सांडायचं. भागोजी रोज समोरच्या दगडावर येऊन बसे आणि आपली दळी पोत्यापोत्याने जाताना बघे.

चौथ्या दिवशी मुकादम म्हणाला, गुडघाभर काढली, पुरे. समीक्षाने यंत्र लावून तळ तपासला आणि म्हणाली, अजून. पुन्हा काढली, पुन्हा तपासली, पुन्हा अजून. मुकादम वैतागला, इथे कोण बघायला येणार आहे म्हणाला. ती म्हणाली, "मी आलेय ना." शेवटी कातळ उघडा पडला. तिने तो धुऊन घेतला, धुतलेलं पाणीही भरून नेलं. बांधाचे दगड मुकादम फेकून देणार होता. तिने एकेक दगड पाण्याच्या जोराने धुवायला लावला आणि बांधाच्या जागेवर ओळीने परत मांडला.

त्या संध्याकाळी भागोजी जेवताना म्हणाला, "पोरीनं कातळ ताटासारखा घासून घेतला." गोदाचा हात वाढताना थांबला. कामापुरत्याहून जास्त असं ते वर्षातलं पहिलं वाक्य होतं.

वैशाखात नव्या मातीचे ट्रक आले. संगमेश्वराकडून आणलेली, तपासून चिठ्ठी लावलेली, नदीकाठची काळसर माती. ती सडकेच्या कडेला ओतली गेली. समीक्षा ओशाळून भागोजीच्या ओटीवर आली. कागदात ट्रक पोचेल तिथपर्यंतच माती द्यायची सोय होती. वर दळीत टाकायला मजूर मागितले होते, ते मंजूर झाले नव्हते.

"मी पुन्हा लिहिते, काका. पण पाऊस आधी येईल."

भागोजीने मान हलवली. त्या दिवशी वाडीतली माणसं ढिगावरून आपापल्या वाट्याची माती नेत होती. धाकू आला, तुळशीपुरती टोपली भरली, आणि जाताना भागोजीकडे न बघता म्हणाला, "बांध घालशील तवा हाक मार." त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे खूप आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गोदा एकटीच ढिगापाशी गेली. टोपली ठेवली. जुन्या लुगड्याची चुंबळ वळली. आता डोक्यावरचा पदर ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. सगळ्या वाडीला ठाऊक झालं होतं. तिने पदर कमरेला खोचला, टोपली भरली आणि ती उचलायला वाकली.

मागून भागोजीचा हात आला. त्याने तिच्या हातातली चुंबळ घेतली. तिच्या टाळूवरच्या त्या गोल जागेकडे त्याने पाहिलं, दिवसाच्या उजेडात, पहिल्यांदा, आणि बराच वेळ पाहिलं.

"तवा किती टोपल्या वायलीस गो?"

"मोजल्या कुनी."

"मी भरत व्हतो. मी मोजायला पायजे व्हत्या."

त्याने चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यासमोर गुडघे वाकवून उभा राहिला. "दे. आता तू भर, मी वाहतो."

"गुडघे दुखतील तुमचे."

"दुखूंदे."

तिने टोपली त्याच्या डोक्यावर चढवली. तो डगमगला, सावरला आणि चढणीला लागला. सत्तरीचं माणूस, दोन ठिकाणी थांबलं, पण टोपली खाली ठेवली नाही. वर पोचून त्याने ती धुतलेल्या कातळावर उपडी केली, आणि रिकामी टोपली घेऊन उतरत आला. गोदा फावडं धरून उभी होती. त्याचा श्वास चढला होता, कानामागून घाम वाहत होता. त्याने टोपली तिच्या पुढ्यात ठेवली.

"एक," तो म्हणाला.